चौदावं पान

७ जुलै
ती. बाबांस, सा. न.
कपाळाला आठ्या पडणार, म्हणून आधीच सांगते: दुसऱ्या वर्षाला मी संख्याशास्त्र सोडून जपानी घेतेय. विद्यापीठाच्या अर्जावर तुमची सही लागते. अर्ज सोबत आहे, दहा ऑगस्टच्या आत परत हवा. आपल्या कॉलर शिवायच्या जपानी मशीनचं पुस्तक घरात कुणालाच वाचता येत नाही, याचा मला लहानपणापासून राग येतो. त्यातल्या चार पानांच्या प्रती आणल्यात.
लोभ आहेच, तो सहीतून दिसू दे.
तुमची,
भिंगरी

१३ जुलै
चि. भिंगरीस, अनेक आशीर्वाद.
अर्ज कोराच ठेवलाय. जपानी शिकून काय दिवे लावणार आहेस? वीस वर्षं मी त्या पुस्तकातली चित्रं पाहून मशीन सांभाळतोय. बाण आणि थेंब दिसला, की रोज सकाळी तिथे तेल. माझं काही अडलं नाही. अडतं ते तुझ्या आईमुळे. शिवायला ती बसते आणि कालही सहा पांढऱ्या कॉलरींना डाग! हात धू म्हणून सांगून माझ्या तोंडाला फेस आला. मायलेकी सारख्याच, लक्ष ठिकाणावर नाही.
रागावलो तरी माया आहेच. जेवत जा.
बाबा

२२ जुलै
ती. बाबांस, सा. न.
सहीचा अर्ज नाही, नाव पक्कं नाही, म्हणून जपानीच्या वर्गात मागे बसते. तीन लिप्यांनी जीव नकोसा केलाय. एका पानाला नऊ दिवस लागले, दोनदा वही फेकली, एकदा रडले. आणि निघालं काय? चौदाव्या पानावर त्या थेंबाच्या चित्राखाली लिहिलंय, की दोऱ्याला ताण देणाऱ्या चकत्यांना तेल लावू नये, दोरा तेलकट होऊन कापडावर डाग पडतात. बाईंकडून दोनदा तपासून घेतलंय. मी भयंकर वैतागलेय, बाबा, आणि तुमच्यावरच.
राग ओसरला की नेहमीचीच तुमची,
भिंगरी

२ ऑगस्ट
चि. भिंगरीस, अनेक आशीर्वाद.
तुझं पत्र वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. तुला खोटं पाडायचं म्हणून आठवडाभर चकत्या पुसून कोरड्या ठेवल्या. साठ कॉलरी झाल्या. एकीलाही डाग नाही.
तुझी आई अजून मशीनवर बसण्याआधी तीनदा साबणाने हात धुते. बोटांची सालं निघालीत. काल म्हणाली, डाग थांबले, नवा साबण चांगला दिसतोय. मी नुसती मान हलवली आणि दुकानाबाहेर जाऊन उभा राहिलो. माझीच लाज वाटली.
सही केलेला अर्ज सोबत आहे. उरलेली पानंही वाच, आणखी काय चुकलंय ते कळू दे. पण त्याआधी एक काम कर. तुझ्या आईला हे सांगायचंय आणि सुरुवात कशी करू ते सुचत नाही. तेवढं लिहून पाठव, मी पाठ करून म्हणेन.
बाबा