ठरावातले नाव

नैरोबी, ५ नोव्हेंबर २०२५

तीर्थस्वरूप क्लेमेंटकाकांना,
रिचेलचा सा. न. वि. वि.

पत्र ई-मेलने येत असले तरी मायना तुम्ही शिकवलेलाच आहे. वकिलांच्या या जागतिक परिषदेत राजकारण पेटले आहे. निदर्शकांचे वकीलपत्र घेतल्याबद्दल डेल्फिन ही वकील तिच्या देशात तुरुंगात आहे. सोमवारी तिच्या जामिनाची सुनावणी असून तिथे आमचा ठराव सादर व्हायचा आहे. एक गट म्हणतो, त्या देशाचे नाव घाला, नाहीतर आम्ही उठून जाऊ. दुसरा म्हणतो, नाव घातलेत तर आम्ही जाऊ. ठराव एकमतानेच होतो आणि मसुदा समितीची अध्यक्ष मी आहे. शुक्रवारी शेवटची बैठक. आयुष्यभर वकिली केलीत, आता पुतणीलाही सल्ला द्या.

तुमच्या मायेवर हक्क सांगणारी,
रिचेल

पाचूबंदर, वसई, ६ नोव्हेंबर

चि. रिचेलला अनेक आशीर्वाद.

क्रमाने सांगतो, घाई तुझ्या काकीवर सोड. प्रत्येक भांडणात वर मागणी असते आणि तिच्याखाली भीती. मागणी सगळे ओरडून सांगतात, भीती कोणीच सांगत नाही. समुद्रात जाळ्यांचे खुंट कुठे ठोकायचे यावरून बोटवाल्यांचे वाद होत, तेव्हा तुझे आजोबा कोणालाही स्वतःची बाजू आधी मांडू देत नसत. आधी समोरच्याची तक्रार सांगायची, आणि समोरचा “हो, माझं म्हननं हेच” असे कबूल करेपर्यंत पुन्हा सांगायची. मग तोडगा बहुधा भांडणाऱ्यांनाच सुचे.

ज्युलिएटकाकी विचारते, सुके बोंबील खाल्लेस, की वासाच्या भीतीने बॅगेतच दडवलेस?

प्रकृतीला जप, आम्हांला विसरू नकोस.
क्लेमेंटकाका

नैरोबी, १० नोव्हेंबर

तीर्थस्वरूप काका-काकींना सा. न. वि. वि.

जिंकलो! तुमची रीत सांगितली तेव्हा ज्येष्ठ मंडळी हसली. मग बोलू लागली. नाव नको म्हणणाऱ्यांची भीती अशी निघाली की, परक्या सरकारावर बोट ठेवले तर मायदेशी त्यांनाच हेर ठरवतील. हे विरोधी गटाच्या तोंडून ऐकताना नाव नको म्हणणाऱ्यांतले एक गृहस्थ डोळे पुसत होते. नाव हवे म्हणणाऱ्यांची भीती वेगळी. नाव नसलेला कागद न्यायालय बाजूला सारील. तेव्हा याच गटातल्या, आदल्या दिवशी माझ्यावर ओरडलेल्या बाईंनीच सुचवले, की देशाचे नाव नको, डेल्फिनचे पूर्ण नाव घाला, सोबत खटल्याचा क्रमांक. सगळे हात वर गेले. आज तो ठराव न्यायालयात वाचला गेला आणि तिला जामीन मिळाला.

बोंबील समितीने संपवले.

कौतुक भरपूर करावे, ही विनंती.
रिचेल

पाचूबंदर, ११ नोव्हेंबर

चि. रिचेलला अनेक आशीर्वाद.

आजोबांच्या बोटीवर वाढलेल्या फेबियन तांडेलाला पत्र वाचून दाखवले. तो उठला आणि त्याने सणाचा बावटा आज आडदिवशीच आपल्या बोटीवर चढवला. कोणता सण, असे अख्खे बंदर विचारते आहे. तो प्रत्येकाला एकच उत्तर देतो: “डेल्फिन.”

लवकर ये. घर वाट पाहते आहे.
क्लेमेंटकाका