सिलिंडरवरचे चरे

बाबा, तुमचं झाडं कापायचं मशीन मी काल सुरू केलं. अकरा वर्षं, तुम्ही गेल्यानंतरही, ते मागच्या पडवीत गोणपाटात पडून होतं. भंगारात देण्याआधी एकदा दाखवावं म्हणून कामणच्या मेकॅनिककडे नेलं. त्यानं उघडलं, तर सिलिंडरमध्ये उभे चरे. मला वाटलं, गेला. तो म्हणाला, "सिलिंडरला काही झालं नाही, मॅडम. पिस्टनचं ॲल्युमिनियम चिकटलंय त्याला. घरी साफ कराल? फक्त घाई करू नका."

तीन दुपारी मी पडवीत बसले. काडीला कापूस गुंडाळून संडास धुवायचं ॲसिड नेमकं चऱ्यांवर लावायचं, फेस येऊ द्यायचा, धुवायचं, पुन्हा लावायचं. फेस येईनासा झाला की चिकटलेलं सगळं निघालं. मग बारीक पॉलिश पेपर तिरपा फिरवायचा. त्याखाली सिलिंडर होता तसा शाबूत निघाला. आनंद व्हायला हवा होता. पण जुना पिस्टन हातात फिरवत मेकॅनिकनं आणखी एक सांगितलं होतं. "पेट्रोलमध्ये तेल कमी पडून हे जाम झालेलं नाही. तसं असतं तर चरे चहूकडून असते, खालचं बेअरिंगही सुकलं असतं. ते अजून तेलकट आहे. चरे एकाच बाजूला, धूर निघतो तिथे. कोणीतरी स्क्रू पिळून पेट्रोल कमी केलंय. मशीन जोरात पळतं, पण तापतं."

तो स्क्रू मी पिळला होता. मशीन बंद पडलं त्याच्या आदल्या संध्याकाळी, ते जोरात पळावं म्हणून, तुम्हाला न विचारता. मग तुम्हाला हाक मारून आवाजही ऐकवला. तुम्ही म्हणालात, "जास्त ओरडतंय गो." मी ते हसण्यावारी नेलं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकांच्या वाडीत, पडलेला आंबा कापता कापता मशीन अडकतं. तुम्ही दोरी ओढताय, ती हलत नाही. आणि मी काकांसमोर म्हणते, "पेट्रोलमध्ये तेल घालायला विसरलात ना? वय झालंय, मान्य करा आता." तुम्ही पेट्रोलचा डबा उन्हात धरून बघता. "घातलं होतं गो... घातलं ना मी?" मला विचारता.

त्यानंतर फवारणीच्या पंपात तेल घालतानाही तुम्ही माप आईसमोर धरू लागलात. पुढे रक्तदाबाची गोळीसुद्धा. "बघ गो, बरोबर हाय ना?" हळूहळू तुमचं वाडीत जाणं कमी झालं. आम्ही म्हणालो, म्हातारपण. ते नुसतं म्हातारपण असेलही. सगळा दोष ओढून घेण्यातही मला बरं वाटतंय का, हे मी तपासून पाहते. पण त्या दिवसापर्यंत तुम्ही स्वतःच्या हातांबद्दल कुणाला काही विचारलं नव्हतं.

काल आवाज ऐकून काका कुंपणाशी आले. "चालू केलंस? शाब्बास! तेल घाल हां आठवणीनं, नायतर बापासारखं करशील!"

आणि मी हसले, बाबा. "घालते, काका," म्हटलं.

आज सकाळी त्यांना खरं सांगायला म्हणून दोनदा चपला घातल्या, दोनदा काढल्या. मग वही उघडली. तुम्हाला लिहिणं त्यातल्या त्यात सोपं आहे.