हवेत आवळलेले नट

बाबा, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की आता मी तुझ्यापेक्षा म्हातारी आहे. म्हणून आज मी बोलणार आणि तू ऐकणार. चौथीपर्यंतची शाळा, तीही अर्धी भातलावणीत गेलेली, तेव्हा अक्षर वाकडं दिसलं तर चालवून घे. मी तुझ्यावर रागावले आहे. तशी खूशही आहे, इतकी की काल तळासरीला भर रस्त्यात नाचायचं तेवढं बाकी होतं. पण ती खुशी तुझ्या वाट्याची नाही. तुझ्या वाट्याला राग आहे, तो आधी घे.

मसोलीच्या वाडीतली शेठची लाल गाडी तुला आठवत असेलच. दोन दारांची, इतकी बुटकी की आत बसायचं म्हणजे जेवायला पाटावर बसल्यासारखं. शेठचा ड्रायव्हर तू, मेस्त्रीही तू, आणि मी तुला नट आवळायचे पाने देणारी. सतरा वर्षांची होते, ओढणी कमरेला बांधून तुझ्याबरोबर गाडीखाली शिरायची, आई ओरडायची की हिच्या केसांना ऑइलचा वास येतो, कोण करणार हिला. तूच मला शिकवलंस की चाकाच्या दांड्यांना जिथे जोड असतो तिथे रबराचा बुश असतो, बाहेर लोखंडाची नळी, आत लोखंडाची नळी, मध्ये रबर. आणि नवा बुश घातला की नट नुसते हाताने लावायचे. मग गाडी खाली उतरवायची, चार वेळा दाबून हलवायची, शेठच्या जागी भाताची गोणी आणि शेठाणीच्या जागी चिकूची भरलेली करंडी ठेवायची, आणि गाडी आपल्या पायावर नीट बसली की मगच पाना लावायचा. चाकं हवेत लोंबताना नट आवळले तर गाडी उतरवल्यावर आतलं रबर पिळ्यासारखं पिळलेलं राहतं. गाडी उंच उभी राहते, कुरकुरते, आणि थोड्याच दिवसांत रबर फाटतं. "गाडीला आधी बसू द्यायचं, मग गाठ मारायची," असं तू म्हणायचास. भाताची गोणी बसवताना तू तिला शेठ म्हणायचास, शेठ जरा सरका, आणि मी हसून हसून लोळायची. असा होतास तू. म्हणून तर राग येतो.

त्या दिवशी शेठचे पाहुणे यायचे होते आणि त्यांना गाडीतून बोर्डीला समुद्रावर न्यायचं होतं. तुला घाई. गाडी ओंडक्यांवर चढवलेली असतानाच तू सगळे नट आवळून टाकलेस. गोणी नाही, करंडी नाही. बोर्डीहून परत येईपर्यंत गाडी दाराच्या जुन्या बिजागरीसारखी रडत होती. शेठ वाडीत उभे, पाहुणे उभे, चिकू तोडणारे गडी उभे. शेठनी विचारलं, नट कोणी आवळले? आणि तू माझ्याकडे बोट दाखवलंस. "पोरीने हात लावला, शेठ. माझं लक्ष नव्हतं." मग माझ्या हातातला पाना घेऊन तू पेटीत टाकलास आणि म्हणालास, उद्यापासून वाडीत यायचं नाही.

बाबा, तुझी नोकरी राहिली. माझं काय झालं ते ऐक. वर्षाच्या आत तू मला उधव्याला दिलीस, डोंगराच्या कडेला, जिथे तेव्हा बैलगाडीशिवाय दुसरं चाक दिसत नव्हतं. भात लावलं, नाचणी लावली, त्याचं दुःख नाही, हात मातीत चांगले चालले. पण लग्नाच्या जेवणात तूच ती गोष्ट हसत हसत सोयऱ्यांना सांगितलीस. ती माझ्याआधी उंबरठा ओलांडून घरात गेली. विहिरीवरचा रहाट सैल झाला तर सासू म्हणायची, हिला देऊ नका, ही आवळेल आणि उद्या मोडेल. सायकलची चेन उतरली की दीर म्हणायचा, वहिनीला लांब ठेवा. सगळे हसायचे, मीही हसायची. पन्नास वर्षं मी एक नट हातात धरला नाही.

आता खुशीचं सांगते, नाहीतर कागद जळेल. माझ्या नातीचं तळासरीला हायवेच्या बाजूला गॅरेज आहे. हो, माझ्या नातीचं. आयटीआय शिकली, केस कापले, बोर्डावर स्वतःचं नाव लावलं. मी आठवड्यातून दोनदा भाकरी आणि सुकटीची चटणी घेऊन जाते आणि तिथल्या स्टुलावर बसते, घरी टीव्ही बघण्यापेक्षा बरं. तर गेल्या महिन्यात टेम्पोवर बांधून कोण आलं असेल? तीच लाल गाडी. शेठच्या नातवाने वाडीच्या शेडमधून बाहेर काढली, आत कोंबड्यांनी अंडी घातलेली. मी तिच्या नाकावर हात फिरवला आणि परत स्टुलावर जाऊन बसले.

काल गेले तर नातीने सगळे बुश नवे घालून गाडी नुकतीच एक चक्कर फिरवून आणलेली. गाडी दिसली आणि मी भाकरी हातात धरूनच तिच्यापाशी गेले. पुढून उंच, टाचा वर करून उभी असल्यासारखी. टायर आणि मडगार्डच्या मध्ये तू चार बोटं ठेवायला शिकवलं होतंस, तिथे माझा अख्खा पंजा जात होता. मी बोनेट दाबलं. कुईं. तोच आवाज.

"नट हवेत आवळलेस ना गं?" मी विचारलं.

शेजारचा टायरवाला हसला, म्हणाला, आजी आता इंजिनियर झाली. नात हसली नाही. माझ्यासमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "आजी, हे पुन्हा सांग. सावकाश सांग."

मी सगळं सांगितलं, गोणी, करंडी, सगळं. तिने टॉर्च लावून रबर बघितलं, फाटलं नव्हतं. गाडी जमिनीवर ठेवूनच तिने सगळे नट सैल केले. आम्ही दोघींनी गाडी दाबून दाबून हलवली आणि ती अशी खाली बसली, बाबा, जशी दमलेली बाई ओट्यावर बसते. गोणी काही मिळेना. नात म्हणाली, शेठच्या जागी तूच बस, वजन बरोबर आहे तुझं. मेली. मी बसले, शेजारी टायरवाल्याला बसवलं. आणि एक नट, पुढचा, सहज हात पोचणारा, तिने शेवटी मला उतरवून आवळायला दिला, तेवढ्यापुरती ती माझ्या जागी बसली. मी आवळला, पन्नास वर्षांनी.

मग तिने सगळ्यांसमोर शेठच्या नातवाला फोन लावला. "नट मी चुकीचे आवळले होते. चूक माझी. आता नीट केलं आहे, उद्या घेऊन जा." तिकडून तो बरं म्हणाला. बस्स. फोन ठेवून ती भाकरी खायला लागली. एवढंच होतं, बाबा. एवढंच बोलायचं होतं तुला. मी स्टुलावर बसून रडले, तिला वाटलं आनंदाने.

संध्याकाळी तिला मी तुझी सगळी गोष्ट सांगितली, तू बोट दाखवलंस तिथपर्यंत. ती इतकी चिडली की तुझ्या फोटोला हार नको म्हणाली. मग विचारलंन, "तो नट आवळत होता तेव्हा तू कुठे होतीस?"

मी म्हटलं, घरी होते.

घरी नव्हते. तू सकाळीच माझ्या हातातला पाना काढून घेतलास, आज घाई आहे, तू बाजूला हो म्हणालास, आणि मी फुगून चिकूच्या झाडाखाली बसले होते. चाकं हवेत लोंबत होती. तू आवळत होतास आणि मी बघत होते. एक हाक मारायची होती. मी मनात म्हटलं, आवळू दे, मग कळेल.

हा कागद तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवते. नातीला अजून सांगितलेलं नाही.