तेवीस भांड्यांची तपासणी

शनिवार, ४ मे. संध्याकाळी ६.१०

घडलं ते असं :
१. सकाळी दहाला जलरंगाच्या वर्गात पोचले. वर्ग दहाचा होता. सर दहा वाजून सोळा मिनिटांनी आले.
२. टेबलावर एक सुरई आणि तीन लिंबं होती. समोर दिसतं ते काढा, असं सांगण्यात आलं.
३. काढलं. समोरून, बाजूने आणि वरून. मापं घातली.
४. रंग कुठे आहे, असं सरांनी विचारलं. प्रत्येक लिंबाशेजारी मी रंगाच्या ट्यूबचा क्रमांक लिहिला होता, तो दाखवला.
५. सर खिडकीशी जाऊन बराच वेळ बाहेर बघत राहिले.
६. पुढच्या शनिवारपासून जागा नाही, असं जाताना मला कळवण्यात आलं. वर्गात बारा खुर्च्या आणि सात माणसं होती.

निष्कर्ष : वर्ग माझ्या पातळीचा नव्हता.

रविवार, ५ मे

हे सगळं कशासाठी, ते एकदा लिहून ठेवते.

धाकट्या बहिणीला बढती मिळाली आहे, दुसऱ्या शहरात. चार वर्षं आम्ही दोघी या दोन खोल्यांत राहतो. तिने वीस तारखेपर्यंत ऑफिसला उत्तर द्यायचं आहे आणि ती देत नाही. कारण मी, म्हणे. मी घरातून लॅबमध्ये आणि लॅबमधून घरी, एवढंच करते, म्हणे. एखाद्या शनिवारी तू गेली नाहीस तर आज ती का आली नाही असं कुणीतरी विचारेल, अशी एक जागा शोध, मग मी जाते, असं तिने जेवताना जाहीर केलं. मी म्हटलं, लॅबमध्ये विचारतात की. ती म्हणाली, लॅबमध्ये रजेचा अर्ज विचारतात, ताई.

तिच्या जाण्याने मला काही फरक पडत नाही. उलट कपाट पूर्ण मिळेल. पण माझ्यामुळे तिची बढती अडायला नको. तेव्हा मजा करायची. मुदत पंधरा दिवस. सात वर्षं मी कारखान्यांची मोजमापाची उपकरणं तपासून पास-नापास करते आहे. त्यापुढे मजा म्हणजे काही अवघड काम नव्हे.

शनिवार, ११ मे

नाटकाची कार्यशाळा. झाड व्हा, असं दिग्दर्शक म्हणाला. कोणतं, असं मी विचारलं. कोणतंही, म्हणाला. कोणतंही नावाचं झाड नसतं, पण वाद घातला नाही. झाले.

चाळीस मिनिटं हलले नाही. डोळे मिटलेले. दरम्यान बाकीच्या झाडांच्या लाटा झाल्या, लाटांचा बाजार झाला, बाजार चहाला गेला. मला कुणी सांगितलं नाही. चहा पिऊन आल्यावर एकाने माझ्या हातावर जाकीट टांगलं.

अभिनयाची यापेक्षा मोठी पावती कोणती? तरी ही बॅचही अचानक भरली. धाकटीला सांगितलं तर ती उशीत तोंड खुपसून हसली. हे माझ्या मजेत धरायचं की तिच्या, ते ठरायचं आहे.

शनिवार, १८ मे

मातीकाम. जागा : छपाईच्या एका बंद दुकानाच्या मागची लांब खोली. पाच चाकं, एक भट्टी, भिंतभर फळ्या, कोपऱ्यात गुडघ्यापेक्षा उंच निळं पिंप. बाई पन्नाशीच्या, कोपरापर्यंत मातीने भरलेल्या. त्यांनी सगळे नियम सांगितले. काहीतरी चिठ्ठ्यांबद्दलही सांगत होत्या, पण तेव्हा मी चाकाचे फेरे मोजत होते. मिनिटाला ९४, कमी-जास्त ६. चाकाची दुरुस्ती आवश्यक.

माझ्या डाव्या हाताला टोपीवाले काका. निवृत्त गृहस्थ. टोपी चाकावर बसतानासुद्धा काढत नाहीत. गेले चार महिने एकच फुलपात्र करत आहेत. ते दर शनिवारी कोसळतं. आजही कोसळलं. गेलं बापडं, असं म्हणून त्यांनी तोच गोळा पुन्हा थापला. उजव्या हाताला दातांच्या डॉक्टर. त्यांचे कप सुबक आहेत, पण त्या कपांशी बोलतात. थोडं उघड, अजून थोडं, झालंच, असं.

माझा मग उभा राहिला. पहिल्याच दिवशी. काकांनी अख्ख्या खोलीला हाक मारून दाखवला. मला त्यात विशेष काही वाटलं नाही. घरी येताना दोन स्टॉप पुढे जाऊन उतरले, ते केवळ चालण्याच्या व्यायामासाठी.

रविवार, १९ मे

धाकटीला कळवलं की जागा मिळाली. तिथे कोण कोण असतं, असं तिने विचारलं. काकांबद्दल सांगितलं. नाव काय त्यांचं? माहीत नाही, टोपीवाले काका. म्हणजे तू कुणालातरी टोपणनाव ठेवलंस, असं म्हणून तिने ऑफिसला होकार पाठवला. रविवारी, नऊ जूनला निघणार.

छान झालं. संध्याकाळी कपाट मोजलं. एकटीला जरा मोठंच आहे.

शनिवार, २५ मे

मनापासून काहीतरी द्यावं असं वाटलं. ही भावना नवीन आहे, म्हणून नोंद.

भट्टी मंगळवारी पेटणार. सगळ्यांची वाळलेली भांडी फळीवर लागली होती. काकांचं फुलपात्र, हो, या वेळी उभं राहिलं! काकांनी ते स्वतः दोन्ही हातांनी फळीवर नेलं आणि बायकोला फोन करून सांगितलं. दातांच्या डॉक्टरांचे सहा कप, सहाही कानांसकट. इतरांचं बरंच काही. वर्ग सुटल्यावर मी बाईंना म्हटलं, तुम्ही निघा, फळी मी बघते, दार ओढून घेते. बाई म्हणाल्या, गुणाची आहेस ग.

मी प्रत्येक भांड्याची जाडी सहा ठिकाणी मोजली. कॅलिपर बरोबर होताच. एकूण २३ भांडी. लॅबच्या नियमाप्रमाणे एक मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला की लाल चिठ्ठी. २३ पैकी २३ लाल. माझ्या मगालाही लाल लावली. मी पक्षपात करत नाही. नमुन्यासाठी ठेवलेल्या बाईंच्या जुन्या मगालाही लाल, याचं थोडं वाईट वाटलं.

शनिवारी सगळ्यांना प्रत्येकाची आकडेवारी देईन. आश्चर्याचा धक्का बसेल. धाकटी म्हणाली, ताई, तू तिथे मजा करायला जातेस की धाड टाकायला? तिला गटात मिसळणं म्हणजे काय ते कळत नाही.

शनिवार, १ जून

घडलं ते असं :
१. बाईंकडे अशी पद्धत आहे की तडकलेल्या कच्च्या भांड्याला लाल चिठ्ठी लावायची. सोमवारी बाईंचे यजमान येतात आणि लाल चिठ्ठीची भांडी निळ्या पिंपात, पाण्यात टाकतात. त्यांची पुन्हा माती होते.
२. यजमान शिस्तीचे आहेत. चिठ्ठी बघतात, प्रश्न विचारत नाहीत. अशी माणसं आमच्या लॅबला हवीत.
३. बावीस भांड्यांचा चिखल झाला.
४. बाईंचा नमुन्याचा मग भाजलेला असल्याने टिकला. ही जमेची बाजू मी सर्वांच्या लक्षात आणून दिली.
५. त्यानंतर दातांच्या डॉक्टर बोलू लागल्या. नऊ मिनिटं.

यजमान पिंपाशी उभे होते. दर वेळी दोन-तीन असतात, या वेळी सगळीच, मला वाटलं बाई फार चिडल्या असतील, एवढंच ते म्हणाले. मी आकडेवारीचे कागद वाटायला घेतले, तेव्हा बाईंनी माझा हात धरला आणि मला दारापर्यंत आणलं. सध्या येऊ नकोस, म्हणाल्या. मी विचारलं, सध्या म्हणजे किती तारखेपर्यंत? घरी जा ग, म्हणाल्या.

काका जिन्यापर्यंत आले. माझं तरी काय, ते भट्टीत फुटलंच असतं, तुम्ही वेळ वाचवलात, असं म्हणून हसले. पण टोपी त्यांच्या हातात होती आणि ते ती नुसती फिरवत होते.

रविवार, २ जून

वर्गाच्या ग्रुपवरून माझा नंबर निघाला आहे. तांत्रिक बिघाड असणार. अशा वेळी फोन बंद करून चालू करतात. केला. सात वेळा.

धाकटी खोकी भरते आहे. पुढच्या शनिवारी, निघायच्या आदल्या दिवशी, मला वर्गात यायचंय, म्हणाली. बाईंना भेटते, काकांना भेटते, माझ्या ताईकडे लक्ष ठेवा म्हणून सांगते. बिस्किटांचा मोठा पुडासुद्धा आणून ठेवलाय. मी म्हटलं, अवश्य ये. सगळ्यांना आनंद होईल.

सोमवार, ३ जून

बाईंना द्यायचा मजकूर, पहिला खर्डा. चार पानं. सदोष चिठ्ठी-पद्धतीचं विश्लेषण, आकृती दोन, तक्ता एक. यात यजमानांची जबाबदारी चाळीस टक्के निघते.

लंचमध्ये लॅबमधल्या सहकारिणीला वाचून दाखवला. तिने डबा बंद केला आणि म्हणाली, अग, माफी कुठे आहे यात? मी म्हटलं, परिशिष्टात.

दुसरा खर्डा, दीड पान. यजमान पंचवीस टक्के.

मंगळवार, ४ जून. सकाळी ७.२०

धाकटीने रात्रीच तिची बाजू रिकामी केली. कपाटात आता माझे पाच कुर्ते आणि बरेच हँगर आहेत. फरक पडत नाही असं मी लिहिलं होतं. ते तपासून लिहिलेलं नव्हतं.

तिसरा खर्डा. हाच लॅबला जाताना बाईंच्या दाराखालून सरकवते आहे. प्रत इथे :

बाई,
भांडी तपासायला मला कुणी सांगितलं नव्हतं. मी तपासली, चिठ्ठ्या लावल्या आणि सगळ्यांची मेहनत पाण्यात गेली. चूक पूर्ण माझी आहे. काकांचं फुलपात्र मनाला सगळ्यात जास्त लागतं आहे.
माती मळायची, चाळायची, फरशी पुसायची, सांगाल ते करीन. काहीही मोजणार नाही.
माझी बहीण रविवारी हे शहर सोडून जाते आहे. मला तुमच्याकडे जागा आहे, असं मी तिला सांगितलं, म्हणून ती जाते आहे. शनिवारी ती बघायला येणार आहे. पण मला त्या एका दिवसापुरतं यायचं नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी, आणि त्याच्याही पुढच्या शनिवारी मला यायचं आहे.
शुक्रवारी, ७ जूनला, संध्याकाळी सहापर्यंत हो किंवा नाही, एवढं कळवा.