आखूड नळीचा वेग

अप्पा, तुम्हाला जाऊन वर्षे झाली, पण राग काढायला आता तुमच्याशिवाय दुसरे कोणी उरले नाही, म्हणून लिहितो आहे. गेल्या हिवाळ्यात तुमची सून गेली. त्यानंतर इथे परदेशात, ॲडम्सटाउनच्या या घरात मी आणि तुमची नात, दोघेच राहतो. वसंतात ती एकदा म्हणाली की बाबा, मलाही पिस्तूल चालवायला शिकव. मी वीस-बावीस वर्षे क्लबात नेम धरतो आहे. तिने आजवर तिकडे ढुंकूनही पाहिले नव्हते. तेव्हापासून शनिवारी आम्ही एकत्र जातो. गाडीत फारसे बोलत नाही, पण एकत्र जातो. आज तिची पहिली स्पर्धा होती.

दुकानातली तयार काडतुसे संपली होती. इथल्या कायद्याने ती घरी भरता येत नाहीत. आमच्या नेमबाजीच्या रेंजला मंजुरी आहे, तिथल्या शेडमध्ये, देखरेखीखाली भरावी लागतात. काल मी मापांचे पुस्तक उघडून, खालच्या मापापासून सुरुवात करून, प्रत्येक केसमध्ये, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्यात, दारू तोलून भरली. गोळी किती खोल बसली तेही प्रत्येक वेळी तपासले, कारण पिस्तुलाच्या एवढ्याशा केसमध्ये गोळी जरा जास्त आत गेली तरी दाब भलताच चढतो. मग क्लबच्या पिस्तुलातून, जे तिला वापरायचे होते, त्यातून झाडून वेग मोजला. स्पर्धेला गोळीचा ठरावीक किमान वेग लागतो. मी पुस्तकातल्या सर्वांत वरच्या मापाला पोचलो तरी वेग थोडासा कमीच पडत होता.

शेडची देखरेख करणारे आमचे ज्येष्ठ सभासद, गालांवर लाल शिरा असलेले सत्पुरुष, मागे चहाचा कप घेऊन उभे होते. त्यांनी एक झाडलेली केस उचलून तिच्या बुडातली ठिणगी देणारी टोपी, म्हणजे प्रायमर, उजेडात धरली; तो चपटा झाला तर दाब जास्त, असे सगळे मानतात. "प्रायमरच्या कडा अजून गोल आहेत बघ. ग्रँड आहे. अजून चिमूटभर घाल, काही होत नाही."

त्या क्षणी तुम्ही आठवलात, आणि सांगतो, मला ते मुळीच आवडले नाही. मी बी.एस्सी.ला आहे. तुम्ही दारूगोळ्याच्या कारखान्यातून, चाचणीच्या विभागातून, घरी आला आहात. आई पोळ्या लाटते आहे. तुम्ही ओट्यावर दोन झाडलेल्या केसेस ठेवता आणि विचारता, "यातली जास्त दाबाची कोणती?" मी आत्मविश्वासाने चपट्या प्रायमरची उचलतो. तुम्ही हसतसुद्धा नाही. "तो प्रायमर मऊ धातूचा आहे, म्हणून चपटा झाला. जास्त दाब दुसरीत होता. डोळ्यांनी दाब मोजतोस? कॉलेजात हेच शिकवतात?" आई म्हणते, "अहो, जेवू तरी द्या त्याला." तुम्ही मात्र जेवण होईपर्यंत ऐकवत राहता.

पण अप्पा, तुमच्याकडे चाचणीची खास नळी होती. तिच्या छिद्रात तांब्याचा इवलासा दंडगोल बसवायचा, गोळी झाडायची, तो किती चेपला ते मोजायचे, की दाब कळला. माझ्याकडे काय आहे? वेग सांगणारे एक यंत्र, आणि तुमचा टोमणा. तुम्ही मला मोजायला शिकवले नाहीत. फक्त डोळ्यांवर विश्वास ठेवू नये एवढे शिकवलेत. ती विद्या घेऊन माणूस शेडमध्ये नुसता उभा राहतो. पुस्तकातला वेग लांब नळीतून मोजलेला होता. आखूड नळीत वायूला गोळी ढकलायला अंतर कमी मिळते. वेग घटतो, पण म्हणून चेंबरमधला, काडतूस बसते तिथला, दाब कमी असतो असे नाही. तो वेग भरून काढायला दारू वाढवणे म्हणजे न दिसणारा दाब कुठवर जाईल ते नशिबावर सोडणे. आणि पिस्तूल तिच्या हातात असणार.

"नाही," मी म्हणालो. त्यांनी खांदे उडवले. "तुझी मर्जी."

आज सकाळी स्वयंपाकघरात तिला शेडमधले सगळे सांगितले, त्या सभासदांचा सल्लाही, आणि म्हणालो की काडतुसे नियमात बसत नाहीत, आपण जाणार नाही.

"बाबा, एव्हरीवन ॲड्स अ बिट. ही सेड इट्स ग्रँड!"

"त्यांना दाब दिसत नाही. मलाही दिसत नाही."

"सो यू डोंट इव्हन नो!"

"नाही माहीत, म्हणूनच नाही म्हणतोय. हाताच्या चिंधड्या झाल्या तर काय करू मी?"

"मॅम वुड हॅव लेट मी!"

"तुझ्या आईने मला शेडमध्ये पाऊल ठेवू दिलं नसतं!" मी ओरडलो. तिने प्रेसचे, म्हणजे भांड्यांच्या कपाटाचे, दार असे आपटले की आतल्या बशा खणखणल्या. मग म्हणाली, "यू आर इम्पॉसिबल," आणि वर निघून गेली.

स्पर्धा एव्हाना सुरू झाली असेल. भरलेली काडतुसे मी उद्या शेडमध्ये जाऊन उकलणार आहे. मी चूक केली असे मला वाटत नाही, आणि तुमच्यावरचा रागही गेलेला नाही. पण तिची आई गेल्यापासून आम्ही दोघे हॉटेलातल्या नोकरांसारखे बोलत होतो: सॉरी, थँक्यू, चहा हवा का. आज पहिल्यांदा या घरात कोणी कोणावर ओरडले. हे कुठे पाठवायचे नाही, म्हणून लिहून टाकतो: तिला सांगायचे ते माझे केव्हाच सांगून झाले होते. तरी टेबलाशी बसून राहिलो आहे, ती पुन्हा भांडायला खाली येईल म्हणून.