मुगाच्या दाण्याएवढा पारा

मी, खाली सही करणारी, वय सव्वीस, काम शिवणाचे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना लिहीत आहे. शुद्धीबद्दल डॉक्टरांना तीनदा विचारले. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "आता मात्र शंका येते." पहिली दोन उत्तरे ग्राह्य धरावीत. मला आजार नाही. पण जिन्यात बल्ब नाही.

१. शिवणयंत्र वहिनीला. ते कुरकुरते, वहिनीने मनाला लावून घेऊ नये.

२. माळ्यावरच्या चार जुन्या ट्यूबलाइट आणि बाबांचे रक्तदाब मोजायचे पाऱ्याचे यंत्र कोणीही कचऱ्यात टाकू नये. ट्यूबलाइट न फोडता पुठ्ठ्यात गुंडाळाव्यात, यंत्र आडवे करू नये, आणि महिन्याच्या पहिल्या शनिवारी सगळे धोकादायक कचरा घेणाऱ्या केंद्रावर पोचवावे. खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणतील, पारा मोरीत ओता, वाहून जाईल. या एका वाक्यापायी मी त्यांना काहीही ठेवलेले नाही.

३. पलंगाखालची बरणी. मी नऊ वर्षांची असताना बाबांचा थर्मामीटर फुटला. बाबा दवाखान्यात कंपाउंडर होते. त्यांनी शिकवल्याप्रमाणे मी खिडक्या उघडल्या, झाडूला हात लावला नाही, जाड कागदाने थेंब गोळा केले आणि बरणीचे झाकण घट्ट लावले. जमला मुगाच्या दाण्याएवढा पारा. फोडले तर आपण होऊन सांगायचे, ही त्यांची एकच शिकवण मी पाळली नाही. आमच्या घरी फुटलेल्या वस्तूंची वही होती: वस्तू, तारीख, फोडणारा. थर्मामीटरपुढे माझ्या थोरल्या भावाचे, दादाचे, नाव लागले, कारण वहीतले बहुतेक सगळे त्यानेच फोडले होते. मी गप्प बसले. त्यानंतर बाबांनी त्याला आपल्या बॅगेला कधी हात लावू दिला नाही.

बरणी मी तीनदा केंद्रावर नेली. तिथले गृहस्थ सहज विचारतात, कोणी फोडला, आणि मी बरणी घेऊन परत येते. आता दादाची मुलगी झाकणे उघडायला शिकली आहे. म्हणून बरणी दादाला ठेवत आहे. त्याने ती केंद्रावर द्यावी आणि वहीतले नाव बदलावे. तोवर मी मेलेली असल्याने त्याला मला बोलता येणार नाही, हाही विचार केला आहे.

दुरुस्ती: साक्षीला फक्त काकूंना बोलावले होते. दादा त्यांच्याकडे पंख्याचे बटण बसवत होता. तोही वर आला आणि उभ्याउभ्या सगळे वाचले. मग त्याने विचारले, साक्षीदाराला यातले काही मिळते का. वकीलबाईंनी सांगितले होते तेच मी सांगितले: मिळत नाही, त्याच्या नावचे ठेवलेले रद्द होते.

"मग पेन दे," दादा म्हणाला. "मेल्यावर वगैरे काही नाही. उद्या शनिवार आहे. बरणी तू धर, ट्यूबलाइट मी धरतो. आणि त्यांनी विचारलं की तोंड उघडायचं."

मी वहीचे काय म्हणून विचारले.

"राहू दे तशीच. फुलदाणी मी तुझ्या नावावर घातली होती. तेव्हा तू पाळण्यात होतीस."

कलम ३ रद्द. जिन्यात त्याने बल्ब लावला.

साक्षीदार:
१. दादा
२. काकू (मोरीबद्दलचे मत कायम)

ठिकाण: राहती खोली, सर्व खिडक्या उघड्या
दिनांक: महिन्याचा पहिला शुक्रवार, दुपार

सही: थर्मामीटर फोडणारी