प्रत माहितीसाठी सादर

२ नोव्हेंबर २०२५, रविवार. स. १०.००
आजपासून गॅलरीत मोफत ईमेल वर्ग. विद्यार्थी दोन: धाकट्या भावाची तनुजा (वय १२) आणि समोरच्या घरातला सम्यक (तेवढाच). मला शेंद्र्याला कंपनीत डिस्पॅचला बावीस वर्षं झाली. मेल लिहायला कुणी शिकवलं नाही, स्वतः शिकलो. एकदा साहेबांनी माझा मेल भर मीटिंगमध्ये वाचून दाखवला. लोक डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. माझी शैलीच प्रसन्न आहे.
तनुजाला दौलताबादच्या पक्षीनिरीक्षण शिबिराला जायचंय. जागा वीस. अर्ज मुलांनी स्वतः मेलनं करायचा, दहा तारखेपर्यंत. पोरगी वर्षभर वहीत पाखरं काढतेय. जागा मिळालीच समजा.

५ नोव्हें., बुध.
तनुजाचा मसुदा: 'नमस्कार अमृताताई, मला शिबिराला यायला आवडेल. आमच्या टाकीवर येणारे सतरा पक्षी मी ओळखले आहेत. जागा असेल तर कळवाल का?'
संपला! संदर्भ नाही, सविनय नाही. अमृताताई म्हणजे शिबिर घेणाऱ्या बाई. त्यांच्याच सीताफळाच्या बागेत शिबिर. ओळख नसताना ताई? 'महोदया' केलं. तनुजा म्हणाली, पत्रकात त्यांनीच ताई लिहिलंय. पत्रक चुकलंय.

८ नोव्हें., शनि.
अर्ज अकरा परिच्छेदांचा झाला. सम्यकनं विचारलं, काका, ह्याच्यात पाखरं कधी येणार? आठव्यात येतात. या पिढीला दम नाही.
सौ. म्हणाली, लिहू द्या की पोरीला तिच्या दोन ओळी. सौ. एम. ए. आहे. पुस्तकी शिक्षणाची मर्यादा.

१० नोव्हें., सोम. दु. ४.१०
रजा टाकली. तनुजा सकाळपासून 'पाठवू का' करत होती. शेवटी मीच पाठवला, माझ्या आयडीवरून. खाली 'प्रत माहितीसाठी सादर' लिहून सात कार्यालयांना कॉपी. कंपनीत अडलेला माल यानंच हलतो. तनुजा म्हणाली, काका, पाखरं बघायला पोलिसांना कशाला सांगायचं? म्हटलं, वजन पडतं.
५.४० उत्तर नाही. स्मरणपत्र क्र. १.
५.५५ स्मरणपत्र क्र. २ (अंतिम).

१२ नोव्हें., बुध.
वजन पडलं. सातपैकी एका कार्यालयातून बाईंना फोन: पक्षी पकडता का? परवानगी कुणाची? मुलांची यादी आणा. बाईंनी घाबरून शिबिरच स्थगित केलं. वीसच्या वीस मुलांचं.
सम्यकच्या आजीनं, सरूबाईंनी, जिन्यात गाठलं. म्हणाल्या, बन्सीभाऊ, लई धार हाय तुमच्या मेलला, पर पाखरांवर कशाला चालवली? कौतुक सगळ्यांना सरळ करता येत नाही.
तनुजा जेवली नाही. शिस्त सुरुवातीला जड जाते.

१३ नोव्हें., गुरु.
खुलाशाचा मेल करायला घेतला. मुद्दे सत्तावीस. तनुजा म्हणाली, काका, प्लीज आता काहीच पाठवू नका, तुम्हाला माझी शपथ. 'प्लीज' आठवणीनं म्हणाली. वर्गाचा परिणाम दिसतोय.

१६ नोव्हें., रवि. स. ९.३०
शिबिर होणार! येत्या शनिवार-रविवारी. तनुजाला जागा पक्की. तिनं परस्पर दोन मेल केले, एक त्या कार्यालयाला, एक बाईंना. दोन्हींना त्याच दिवशी उत्तर. शिकवलेलं वाया जात नाही. वर्गाच्या फाईलला नमुना म्हणून लावायला बाईंना केलेला मेल मागितला. नको नको म्हणत होती, शेवटी दाखवला. इथं उतरवून घेतो:

'नमस्कार अमृताताई, सॉरी. ते मेल माझ्या काकांनी पाठवले. त्यांना तक्रार करायची नव्हती. त्यांच्या मेलला कुणी उत्तर देत नाही, म्हणून ते खूप जणांना पाठवतात. प्लीज शिबिर बंद करू नका. मी नाही आले तरी चालेल. तुम्ही काकांना एक उत्तर पाठवाल का? तनुजा'

लाल पेन उघडून चार वेळा वाचला. टोपण लावून ठेवलं.
इनबॉक्स बघितला. बाईंचं उत्तर गुरुवारीच आलेलं. एका ओळीचं: 'काका, तनुजाला जरूर पाठवा.'